सत्तेचाळीस नंबरचा साचा

३ नोव्हेंबर

आले होते! दोघंही. चौदा महिन्यांनी पायरी आठवली.

मी अंगणात चादरी वाळत घालत होते. फाटकाशी गाडी थांबली. राहू पुढे, केतू मागे. ही नावं मीच ठेवलेली, तीस वर्षांपूर्वी, ते पहिल्यांदा ह्यांच्याकडे पुतळ्याचा साचा करून घ्यायला आले तेव्हा. एक नुसतं तोंड, दुसरं नुसतं धड. राहू बोलणार, केतू उचलणार-ठेवणार. हे हसायचे. "अगं, दोन ग्रह एकदम आलेत, चहा टाक. चहाने शांत होतात."

"वहिनी, कशा आहात?" राहू म्हणाला. हे गेले तेव्हा छापील कार्ड आलं होतं यांचं. खाली दोघांच्या सह्या, त्याही छापील! आणि आता वहिनी.

"बरी आहे."

"एक लहानसा अपघात झालाय. सत्तेचाळीस नंबरचा साचा लागेल आम्हाला."

"नाही."

"नाही म्हणजे सापडत नाही का?"

"नाही म्हणजे नाही."

राहूने केतूकडे बघितलं. केतू चादरीचं एक टोक जमिनीला लागत होतं ते उचलून दोरीवर टाकत होता. त्याला असलंच जमतं.

या घरातून कुणी चहाशिवाय गेलेलं आठवत नाही. हे दोघं गेले.

४ नोव्हेंबर

चहा विचारला नाही याचं वाईट वाटतंय का, ते सकाळी तपासून बघितलं. नाही वाटत.

६ नोव्हेंबर

वाचनालयातून त्या दोघांच्या कलेवरचं जाडं पुस्तक पुन्हा आणलं. तिसऱ्यांदा. ग्रंथपाल म्हणाल्या, "तुम्ही फार मोठ्या चाहत्या दिसता!" म्हटलं, "शत्रूला ओळखायला नको?" त्या हसल्या. त्यांना गंमत वाटली.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन ह्यांच्या साच्यांच्या कारखान्यात झालं. हे साचे रद्दीत गुंडाळून ठेवायचे, मी गुंडाळायला बसायची. एकेक पान वाचल्याशिवाय गुंडाळायचं नाही असा नियम मी मला घातलेला. एका साच्याला अर्धा तास लागायचा. हे कधी घाई कर म्हणाले नाहीत. तर ही माझी शाळा. या शाळेत शिकलेल्या बाईलाही कळतं की या पुस्तकात चारशे पानं आहेत आणि ह्यांचं नाव एकाही पानावर नाही.

काय काय केलं यांनी, सगळं आहे. पहिल्याच प्रदर्शनात पाहुण्यांना रिकाम्या हॉलमध्ये बोलावलं, बाहेरून कुलूप घातलं आणि आत अडकलेल्या लोकांची चिडचिड तासभर चित्रित केली. ती म्हणे कलाकृती! मग चौकातल्या शहर-संस्थापकाच्या पुतळ्याशेजारी त्याचाच मेणाचा पुतळा आडवा झोपवला, तोंड उघडं, ओठातून लाळ. पोलीस आले, वर्तमानपत्रं आली, नाव झालं. ती लाळ करायला ह्यांना नऊ दिवस लागले होते. पुस्तकात लिहिलंय, "लाळेचा तो थेंब म्हणजे सत्तेला पडलेलं भोक." भोक कसलं! वितळलेल्या मेणात एरंडेल होतं. पुढे फर्निचरच्या दुकानातल्या पलंगावर मेणाचा मेलेला माणूस ठेवला. गिऱ्हाइकं किंचाळली. किंचाळण्याचीही चित्रफीत!

दुसऱ्याचा जीव घाबरा करायचा आणि त्याला विचार म्हणायचं. आणि हात कुणाचे? ह्यांचे. आयत्या बिळावर नागोबा, तेही दोन-दोन.

सगळ्यात जास्त चीड 'जेवण'ची. सगळ्यात जास्त पानंही त्यालाच. लांब टेबल, सात मेणाचे पुरुष जेवतायत. आठवी खुर्ची रिकामी. आणि एक बाई भिंतीकडे तोंड करून चुलीशी उभी. बस. दूर परदेशात बावीस वर्षांपूर्वी मांडलं, कुणा श्रीमंताने तिथेच घेऊन ठेवलं, म्हणून मी फक्त फोटोत बघितलंय. प्रत्येक फोटोत तिची पाठ. आठवी खुर्ची इतरांपेक्षा चार बोटं बुटकी आहे, तर त्यावर एका विद्वानाने अडीच पानं खर्च केलीत. "स्त्रीला देऊ केलेल्या जागेचं आकुंचन." लाकूड कमी पडलं असेल हो!

कुणाची तरी आई भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि तिकीट लावलं. बसवा की तिला! खुर्ची रिकामीच आहे. एवढी साधी गोष्ट, आणि त्यावर चारशे पानं.

सत्तेचाळीस नंबर याच बाईच्या चेहऱ्याचा. राहूनेच त्या दिवशी सांगितलं. इथल्या संग्रहालयात तीस वर्षांच्या कामाचं मोठं प्रदर्शन आहे, त्यासाठी 'जेवण' आणलं, आणि खोकं उघडलं तर बाईचा चेहरा फुटलेला.

बरं झालं.

८ नोव्हेंबर

लेकीचा फोन. "आई, देऊन टाक ना. धूळ खात पडलाय."

"धूळ खाऊ दे. धुळीनेच तुझ्या बाबांची छाती खाल्ली. तिचा हक्कच आहे."

मी असं बोलायला नको होतं.

पण ह्यांच्या धंद्याचा नियम आहे. वस्तू गिऱ्हाइकाची, साचा साचेकाराचा. साचा कारखान्यातून हलत नाही. सासऱ्यांच्या काळापासून तसंच. यांना तो माहीत आहे, म्हणून तर दारात आले. कागदावर काही असतं तर वकील पाठवला असता.

संध्याकाळी नणंदबाई येऊन गेल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "फोडून टाका की वहिनी! हातोडी नसेल तर माझ्या नवऱ्याचं डोकं आणून देते, तेवढंच टणक आहे." खूप दिवसांनी पोट धरून हसले. मग वाटलं, खरंच का नाही?

११ नोव्हेंबर

संग्रहालयातली मुलगी फोन करून गाडी घेऊन आली, मला तिच्या ऑफिसात नेलं. फार तर तिशीची. हातात फाइल, नखं कुरतडलेली. खुर्ची दिली, मी बसले, माझे पाय नेहमीसारखे लोंबकळले. तिने न बोलता कागदाच्या रिमचा गठ्ठा पायाखाली सरकवला. पोरगी बरी आहे.

"काकू, चूक आमची आहे. पॅक करताना पुतळ्याला मागून टेकू दिला, पुढून दिलाच नाही. चेहरा पुढे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटलं, दिसतच नाही तर तिथे कोरं असेल."

"ह्यांनी काहीच कोरं सोडलं नसतं," मी म्हटलं.

"आम्हाला आता कळलं."

तिने सांगितलं, एक सर म्हणतात, भिंतीकडेच तोंड आहे, काहीही बसवा, कोण बघतंय. दुसरे सर म्हणतात, तोच चेहरा नसेल तर 'जेवण' मांडायचंच नाही. दोघांत त्यावरून आठवडाभर बोलणं नाही. म्हणजे धडाला जीभ फुटली!

मी म्हटलं, "साचा देते. भिंतीवर ह्यांचं नाव लावा. त्या दोघांच्या नावाखाली, बारीक अक्षरात चालेल. साचे अमक्याने केले, एवढंच."

तिने फाइलमध्ये लिहून घेतलं. "मला तर हे आधीच असायला हवं होतं असं वाटतं. विचारते, काकू."

१२ नोव्हेंबर

दिवसभर फोनच्या आसपास. लाज वाटते.

१५ नोव्हेंबर

राहूचा फोन. आवाजात तूप.

"वहिनी, भावना समजतात. पण उद्या दिवेवाला म्हणेल माझं नाव लावा, सुतार म्हणेल माझं लावा. कलाकृतीला एक आवाज असतो."

"तो तुमचाच असतो, नाही का?"

"विचार आमचा असतो. हात कुणाचेही असू शकले असते."

"मग लावा की कुणाचे तरी हात! माझ्या दारात कशाला आलात?"

मग तोच हळूच, "ते गेले नसते तर त्यांनी हसत दिला असता साचा."

मी फोन ठेवला. ठेवल्यावर कितीतरी वेळ हात तसाच त्यावर. खरं बोलला होता, म्हणून जास्त झोंबलं. ह्यांनी दिला असता. वर चहा.

१६ नोव्हेंबर

ह्यांची आठवण आज सकाळपासून जात नाही. रडू येतं असं नाही. पायातली चप्पल एका बाजूने झिजावी आणि तशीच चालायची सवय व्हावी, तसं झालंय.

कमी बोलायचे. घरात तर फारच कमी. कारखान्यात म्हणे बोलायचे! तिकडची माणसं सांगायची, मला खरं वाटायचं नाही. मी भांडले तरी उत्तर नाही. एकदाच मला म्हणाले, "आडवी हो, नवीन प्लास्टर आलंय, चेहऱ्यावर बघायचंय किती गरम होतं." कारखान्याच्या बाकावर झोपवलं, तेल लावलं, नाकपुड्या सोडून सगळं झाकलं. पंधरा मिनिटं. वर म्हणाले, "लग्नानंतर पहिल्यांदा एवढा वेळ गप्प आहेस!" मी आतून हसले तर प्लास्टरला तडा जाईल म्हणून हे ओरडले. शेवटी साचा बिघडलाच. "टाकून दिला," म्हणाले.

त्यांची बोटं कपाळावरून भुवईकडे यायची. प्लास्टर ओलं असतं तोवर थंड आणि मग हळूहळू ऊब चढते. ते आठवतं.

१९ नोव्हेंबर

आज 'जेवण' बघितलं. संग्रहालयातल्या मुलीने बोलावलं, मांडणी चालू होती, अजून दोऱ्या लावायच्या होत्या.

फोटोत काही कळत नाही. सात जणांचे चेहरे कुणाचे कुणास ठाऊक, भाड्याने बसवलेले. पण त्यांचे हात! एकाचा घास तोंडाशी थांबलाय. एक जण दातात अडकलेलं जिभेने काढतोय, गाल फुगलाय. मी "हे सगळं कसं केलंत" असं ह्यांना विचारणार होते, विचारायला वळले. अशी वळते मी अजून.

मग ती. पाठीकडून. खांद्यावर फडकं, डाव्या. उजव्या पायावर भार आणि डावं पाऊल उजव्या घोट्यावर टेकवलेलं, तळवा मागे दिसतोय. टाचेला भेगा. एकेक भेग! टाचेच्या कडेला मेण इतकं पातळ की उजेड आरपार. कंबरेशी पदर खोचलेला, त्याच्या खालचं लुगडं जरा वर गेलेलं, घाईत जातं तसं.

चेहऱ्याच्या जागी भोक, त्यातून लाकडी सांगाडा.

पुन्हा टाचेकडे बघितलं. हे असं बघून-बघून केल्याशिवाय होत नाही. महिनोन्‌महिने. कुणी बाई रोज समोर उभी राहिल्याशिवाय ही टाच होत नाही. कोण होती ती? बावीस वर्षांपूर्वी ह्यांच्या कारखान्यात कोण बाई येत होती? मी तर दुपारचा डबा द्यायला रोज जायचे!

केतू कोपऱ्यात स्टुलावर उभा होता, दिवा वळवत. खाली उतरला. "तुम्ही कधीच बघितलं नव्हतं?"

"कुणी दाखवलं?"

"त्यांनी काहीच सांगितलं नाही तुम्हाला?"

त्याचा चेहरा असा झाला की मला उत्तर मिळालं. म्हणजे सगळ्यांना माहीत. फक्त मला नाही. चाळीस वर्षांचा संसार, आणि त्या संसारातलं गुपित या दोन भामट्यांकडे!

घरी येऊन दोन पेले पाणी प्यायले. ठरलं. फोडायचा.

२० नोव्हेंबर

कारखाना उघडला. किल्ली फिरेना, तेल घातलं. आत तोच वास. साबणाचं पाणी, मेण, ओलं पोतं.

हातोडी खिळ्याला. त्यांनी टांगली तशीच.

सत्तेचाळीस वरच्या फळीवर, अगदी मागे. स्टुलावर चढले, काढला. हलका. रद्दी पिवळी पडलेली, माझ्या हातची नव्हती, माझी घडी अशी नसते. हा साचा त्यांनी स्वतः गुंडाळला होता. सोडला. साच्याचे दोन अर्धे फाळके तारेने बांधलेले. तार कापली, वरचा फाळका उचलून खिडकीकडे धरला. फोडायच्या आधी तिचं तोंड तरी बघू.

साचा म्हणजे खळगा. पण बाजूने उजेड आला की खळगा उलटा होतो, चेहरा बाहेर येतो, आपण हलू तसा आपल्याकडे वळतो. मला माहीत आहे, शेकडो बघितलेत. तरी दचकले.

डाव्या भुवईत खाच. कपाटाचं दार लागलं होतं त्याची.

मीच!

फोटोतली मी मला नेहमी परकी वाटते. ही वाटली नाही. साच्यात आत बघितलं की डावं डावीकडेच राहतं, आरशात राहतं तसं. चाळीस-बेचाळीस वर्षांची मी, ओठ घट्ट मिटलेले, हसू दाबलेलं. उजव्या पापणीच्या जागी प्लास्टरमध्ये एक केस अडकलाय. काळा.

हातोडी कुठे ठेवली ते आत्ता आठवत नाही.

२१ नोव्हेंबर

काही नाही.

२३ नोव्हेंबर

केतू आला. एकटा. मी बोलवलं होतं. चहा केला.

म्हटलं, "राहूला माहीत आहे, ती मी आहे ते?"

"राहू कोण?"

जीभ चावली. त्याने क्षणभर बघितलं आणि खो-खो हसला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याचे दात बघितले. "म्हणजे मी केतू! बरोबर आहे. नाही, त्याला माहीत नाही. त्याला वाटतं, 'जेवण' त्यालाच सुचलं. मुलाखतींत सांगतो, आईवरून सुचलं म्हणून. तो वाढला वसतिगृहात."

मग त्याने जे सांगितलं ते लिहिते. जसं आठवतं तसं.

आम्ही दोघं तेव्हा अडकलो होतो, म्हणाला. टेबल होतं फक्त. मोठं टेबल आणि त्यावर काय मांडावं ते सुचेना. एका दुपारी मी एकटाच त्यांच्याबरोबर कारखान्यात डबा खात होतो, तुम्ही नुकत्याच देऊन गेला होतात. तुमचे हे आपणहून बोलायला लागले. म्हणाले, "आमच्याकडे लांब टेबल आहे. माझे वडील, चार भाऊ, मी, आणि मेणाचं काम करणारा म्हातारा. सात जण जेवतो. मी बायकोला बसून जेवताना अजून बघितलेलं नाही. ती एका पायावर दुसरा टेकवून उभ्याने जेवते, आमच्याकडे पाठ करून. वीस वर्षं मी जेवतोय आणि तिची टाच बघतोय." एवढंच. परत डबा खायला लागले.

"कुणाचं ते न सांगता मी त्याच्यापुढे ठेवलं, तेच आम्ही केलं," केतू म्हणाला. "चेहऱ्याची गरज नव्हती. त्यांनी हट्टाने केला. आणि भिंतीकडेच ठेवा म्हणाले. तिच्याकडे कुणी टक लावून बघितलेलं तिला चालत नाही."

मी विचारलं, "नाव का लावलं नाहीत?"

त्याने कप खाली ठेवला. "त्यांनी मागितलं नाही. आणि आम्ही द्यायला हवं होतं हे आम्हाला न मागता सुचलं नाही. दुसरं काही कारण नाही, वहिनी."

निदान खोटं बोलला नाही. पण माफ केलेलं नाही, ते लिहून ठेवते. साचा मागितला. विचार करते म्हटलं.

२५ नोव्हेंबर

अहो, तुम्हाला दिसत होतं तर!

मला आजवर वाटायचं, दिसतच नाही ह्यांना. पुरुषांना नसतं दिसत, त्यांचा काय दोष. त्यावर मी चाळीस वर्षं काढली. आणि तुम्ही मोजत होतात. टाचेच्या भेगा मोजत होतात! परक्या माणसाला सांगितलंत, जगाला दाखवलंत, विद्वानांनी चारशे पानं लिहिली. मला एक शब्द नाही.

बस गं, एवढे दोन शब्द. एक खुर्ची ओढायला किती वेळ लागतो? लाळेच्या थेंबाला नऊ दिवस होते तुमच्याकडे.

त्या दोघांवर चिडणं सोपं होतं. आता कुणावर चिडू? फोटोला हार घालते मी रोज.

आज घातला नाही.

२७ नोव्हेंबर

लेकीला सांगितलं सगळं. ती रडली. मी नाही. ती म्हणाली, "आई, बाबांना बोलता यायचं नाही गं." म्हटलं, "मला रागावता येतं. राहू दे मला."

३० नोव्हेंबर

साचा पिशवीत घालून संग्रहालयात गेले. द्यायचा की राहूच्या समोर फरशीवर आपटायचा, ते वाटेत ठरवणार होते, ठरलं नाही. हॉलमध्ये राहू कुणाला तरी हातवारे करून आपली आई समजावत होता. भिंतीवर ह्यांचं नाव नाहीच. मी दोरी उचलली, खालून गेले आणि आठव्या खुर्चीत बसले.

पहारेकरी धावला. "बाई, उठा! ती बसायची नाही!"

"माहीत आहे," म्हटलं. "बावीस वर्षं कुणी बसलं नाही."

राहू "वहिनी, वहिनी" करत आला. केतूने त्याचा दंड धरला. मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. खाली बघत होते. कुठल्याही खुर्चीत लोंबकळणारे माझे पाय जमिनीला टेकले होते. दोन्ही. टाचांसकट.

मी बसून राहिले. मग पिशवी त्या मुलीच्या हातात दिली. म्हटलं, या वेळी टेकू पुढून द्या.